वऱ्हाडांतील दवाखान्याचा कंपाउंडर



चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी हे ते चार होत. त्यांत वैद्याला प्रधानपद दिलें असलें तरी परिचारकाला वगळलेलें नाहीं. उपचाराची जाण, कामांतील कौशल्य, जिव्हाळा आणि शुचिता असे त्याचे चार गुण तेथें मोजून सांगितले आहेत. आपल्या अलीकडच्या दवाखान्यांच्या इतिहासांत मात्र या पादाला फारशी जागा मिळालेली दिसत नाहीं. अमरावतीचें मोठें रुग्णालय आजही लोकांच्या तोंडीं ‘इर्विन’ आहे. १९२६ ते १९३१ या काळांत हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड इर्विन यांचें तें नांव. तेथील बायकांचें रुग्णालय ‘डफरीन’ आणि अकोल्याचें ‘लेडी हार्डिंग’. हीं दोन्हीं नांवें व्हाइसरॉयांच्या पत्नींचीं. ज्याच्या हातून वऱ्हाडच्या पिढ्यान् पिढ्यांनीं औषध घेतलें, त्या खिडकीमागच्या माणसाचें नांव अशा पाट्यांवर आढळावयाचें नाहीं. आज त्या कंपाउंडराविषयीं आणि त्याच्या बरोबरीनें राबणाऱ्या ड्रेसराविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम वऱ्हाडची राजकीय स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. १८५३ च्या तहानें निजामानें हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यांत दिला आणि त्यानंतर पन्नास वर्षें त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाच्या देखरेखीखालीं चालला. १९०३ मध्यें वऱ्हाड मध्यप्रांताला जोडण्यांत आला. १९०५ मध्यें सहा जिल्ह्यांचे चार झाले. एलिचपूर, म्हणजे आजचें अचलपूर, अमरावतींत मिसळलें आणि वाशीम अकोल्यांत. वाशीम पुढें १९९८ मध्यें पुन्हां स्वतंत्र जिल्हा झाला. या फेरबदलामुळें अमरावती जिल्ह्यांत एका बाजूस कापसाच्या काळ्या जमिनीचीं गांवें व दुसऱ्या बाजूस मेळघाटचें डोंगराळ रान अशीं दोन टोकें एकत्र आलीं. दवाखान्याची गोष्ट या दोन टोकांना सारखी लागू पडत नाहीं, हें पुढें दिसून येईल.

इंग्रजी अमलांत दवाखान्याची उतरंड ठरलेली होती. जिल्ह्याच्या ठिकाणीं सिव्हिल सर्जन असे. तो बहुधा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला, लष्करी हुद्द्याचा माणूस. तालुक्याच्या दवाखान्यांत हॉस्पिटल असिस्टंट असे. विसाव्या शतकांत त्याला सब-असिस्टंट सर्जन म्हणूं लागले. त्याच्या हाताखालीं कंपाउंडर, ड्रेसर आणि शिपाई. हॉस्पिटल असिस्टंटांचा वर्ग मुळांत कंपनी सरकारच्या गरजेंतून निर्माण झाला. पलटणींना व दूरच्या ठाण्यांना पुरतील इतके विलायती डॉक्टर आणणें परवडणारें नव्हतें. म्हणून १८२२ मध्यें कलकत्त्यास एक देशी वैद्यकशाळा काढण्यांत आली आणि तेथें देशी भाषांतून वैद्यक शिकविलें जाऊं लागलें. १८३५ मध्यें ती शाळा मोडून तिच्या जागीं इंग्रजींतून शिकविणारें मेडिकल कॉलेज आलें. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चें. आमच्या बाजूला नागपुरास १९१४ मध्यें रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघालें, आणि अशा शाळांतून शिकून आलेले ‘एल. एम. पी.’ डॉक्टर तालुक्यातालुक्यांतून दिसूं लागले.

डॉक्टराला अशी शाळा होती. कंपाउंडराला मात्र बहुतेक ठिकाणीं दवाखाना हीच शाळा होती. चार बुकें शिकलेला, हिशेबाला पक्का आणि इंग्रजी अक्षर वाचतां येणारा मुलगा जुन्या कंपाउंडराच्या शेजारीं उभा राही. आधीं बाटल्या धुवावयाच्या, मग पुड्या बांधावयाच्या, मग खल घोटावयाचा, आणि वर्षां-दोन वर्षांनीं कोठें मापाचा पेला हातीं यावयाचा. सुतार-सोनारांच्या घरीं धंदा जसा हातांतून हातांत जातो तसाच हा गेला. त्याचे गुण आणि त्याचे दोष हे दोन्हीं या एका गोष्टींतून निघाले आहेत.

आतां त्याचें काम काय होतें तें पाहूं. आजच्यासारख्या कारखान्यांत बनलेल्या गोळ्या तेव्हां थोड्या. डॉक्टर चिठ्ठीवर घटक लिही आणि औषध दवाखान्यांतच तयार होई. क्षार मोजून पाण्यांत विरघळवावयाचे, अर्क थेंबांच्या मापानें घालावयाचा, मलम पाटीवर सुरीनें घोटावयाचें, चूर्णाचे सारखे भाग करून कागदाच्या पुड्या बांधावयाच्या, हें सर्व कंपाउंडराचें. ‘कंपाउंड’ करणें म्हणजे घटक एकत्र मिसळणें, त्यावरून त्याचें नांव पडलें. नेहमीच्या ताप-खोकल्याचीं आणि पोटदुखीचीं मिश्रणें तो दवाखाना उघडण्यापूर्वीं मोठ्या बरण्यांतून भरून ठेवी. रोगी घरून बाटली आणी. तिच्यांत औषध भरून कंपाउंडर बाहेरून कागदाची एक पट्टी चिकटवी. त्या पट्टीला कात्रीनें सारख्या अंतरावर खांचा पाडलेल्या असत. एक खांच म्हणजे एक वेळचें औषध. अक्षरशत्रु माणसालाही कळेल असें हें मोजमाप होतें. अशा पट्टीची बाटली माझ्या बालपणींही आमच्या घरच्या फळीवर असे, आणि पुढें मुलांना अपूर्णांक शिकवितांना मला तिचा फार उपयोग झाला.

या कामाला गणित लागे, आणि तेंही सोपें नव्हे. घन पदार्थांसाठीं ६० ग्रेनांचा एक ड्राम व ८ ड्रामांचा एक औंस. पातळ पदार्थांसाठीं ६० मिनिमांचा ड्राम, ८ ड्रामांचा औंस आणि २० औंसांचा पाइंट. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ मध्यें झाला आणि त्यानंतर हीं मापें हळूहळू मागें पडलीं. चिठ्ठीवर ड्रामाची खूण आणि औंसाची खूण यांत एका फराट्याचा फरक असे, पण औषधांत तो आठपटींचा होई. दर वेळेस ५ ग्रेन क्विनाइन द्यावयाचें आणि बाटलींत ८ वेळांचें औषध असावयाचें, तर बाटलींत ४० ग्रेन पडले पाहिजेत. ओळींत पन्नास माणसें उभीं आहेत, एखादें मूल रडत आहे, बाहेर बैलगाडीवाला घाई करीत आहे, अशा वेळीं हा गुणाकार चुकतां कामा नये.

गणिताहूनही अवघड गोष्ट म्हणजे कोणतें द्रव्य कोणत्या द्रव्याशीं जमत नाहीं हें ओळखणें. क्विनाइन आम्लाच्या पाण्यांत विरघळतें. त्यांत क्षार पडला कीं तें पुन्हां सुटून तळाशीं बसतें. असें झालें म्हणजे पहिल्या घोटांत औषध नाहीं आणि शेवटच्या घोटांत सगळें, अशी अवस्था होते. क्विनाइनच्या बाबतींत हें निदान जीवघेणें सहसा ठरत नसे. परंतु कुचल्याच्या सत्त्वाचें, म्हणजे स्ट्रिक्नीनचें, ब्रोमाइडशीं असेंच वांकडें आहे. त्याचे कण तळाशीं जमतात आणि बाटलींतला शेवटचा घोट विषाचा होतो. जुन्या औषधशास्त्राच्या पुस्तकांतून हें उदाहरण धडा म्हणून देत असत. ‘बाटली हलवून घ्यावी’ ही सूचना कंपाउंडर दिवसांतून शंभर वेळां कां सांगे, याचें उत्तर येथें आहे. विषारी औषधांच्या बाटल्या निळ्या वा हिरव्या कांचेच्या आणि खरखरीत पैलूंच्या करीत, त्याचेंही कारण हेंच. कंदिलाच्या मंद उजेडांत डोळा फसला तरी बोटांनीं सावध करावें, ही त्यामागची योजना होती.

ड्रेसराचें काम याहून कष्टाचें. वऱ्हाड हा कापसाचा प्रांत. १८६० नंतर आगगाडी आली आणि अमरावती, अकोला, खामगांव या पेठांतून सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने उभे राहिले. जिनांत सांपडलेला हात, शेतांत लागलेला विळा, बैलानें मारलेली लाथ, पावसाळ्यांत चिघळलेला पायाचा कांटा, हीं सारीं दुखणीं ड्रेसरापुढें येत. जखम धुणें, पू काढणें, पट्टी बांधणें आणि उद्यां पुन्हां येण्यास बजावणें हा त्याचा नित्यक्रम. जंतुनाशक गोळ्या-सुया येण्यापूर्वींच्या काळांत जखम धुण्याची टापटीप हेंच मोठें औषध होतें. सल्फा जातीचीं औषधें १९३५ नंतर आलीं आणि पेनिसिलिन सामान्य माणसाच्या आवांक्यांत येण्यास दुसरें महायुद्ध संपावें लागलें. तोंवर किती हातपाय वांचले आणि किती गेले, हें पुष्कळ अंशीं ड्रेसराच्या शुचितेवर अवलंबून होतें. चरकांनीं परिचारकाच्या अंगीं शुचिता मागितली ती उगीच नव्हे.

याच शुश्रूषेचें सर्वांत कठीण रूप अमरावतीजवळ तपोवनांत पाहावयास मिळतें. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ मध्यें तेथें जगदंबा कुष्ठ निवास स्थापन केला. त्या काळीं कुष्ठरोगावर मुख्य भरंवसा चालमोगऱ्याच्या तेलावर होता. डॅप्सोनचा उपयोग नुकताच सुरू होत होता. बधिर झालेल्या हातापायांचे व्रण दररोज धुणें आणि बांधणें याला पर्याय नव्हता, आणि ज्या रोग्याला सख्खे नातलग शिवत नसत त्याला शिवावयास माणसें लागत. १९५९ मध्यें पटवर्धनांना पद्मश्री मिळाली, आणि तें योग्यच झालें. अशा प्रत्येक संस्थेच्या मागें पट्टी बांधणाऱ्या अनामिक हातांची एक रांग उभी असते, हेंही आपण विसरूं नये.

सांथींच्या दिवसांत दवाखान्याची खरी परीक्षा होई. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत आलेल्या इन्फ्लुएंझानें मध्यप्रांत-वऱ्हाडाला जो तडाखा दिला, तसा हिंदुस्थानांतल्या फार थोड्या प्रांतांना बसला. त्या रोगावर औषध जगांत कोणापाशींच नव्हतें. त्यांत महायुद्ध चालूं असल्यानें पुष्कळ डॉक्टर लष्कराकडे गेलेले. अशा वेळीं मागें राहिलेल्या माणसांनीं तापाचें मिश्रण, पेज आणि धीर, एवढ्याच भांडवलावर दवाखाने उघडे ठेवले. हिंवतापाचें मात्र तसें नव्हतें. त्यावर क्विनाइन हें खरें औषध होतें. तें खेड्यांत पोंचविण्यासाठीं बंगालमध्यें १८९२ पासून एका पैशाची पुडी टपालकचेरींतून विकण्याची युक्ति निघाली आणि ती इतर प्रांतांनींही उचलली. मेळघाटांत हिंवताप पाचवीला पुजलेला. तेथील कोरकू लोकांची भाषा मराठीच्या कुळांतली नसून मुंडा भाषांपैकीं आहे. पावसाळ्यांत नाले भरले कीं वाट बंद. अशा ठिकाणीं पुडी कडू कां, ताप उतरल्यावरही ती कां घ्यावयाची, हें कोरकू बाईला तिच्या बोलींत समजावून सांगणारा माणूस नसेल तर पुडी तशीच राहावयाची. रोगी आणि शास्त्र यांच्यामधला दुभाषा, ही कंपाउंडराची एक बाजू यावरून कळून येईल.

आतां दुसरी बाजू पाहिली पाहिजे. अर्धवट विद्येचा धोका लहान नसतो. दहा-पांच वर्षें चिठ्ठ्या वाचून ज्याला औषधांचीं नांवें पाठ झालीं, तो कंपाउंडर कधीं कधीं खेड्यांत जाऊन आपली पाटी लावी आणि लोक त्याला ‘डाक्तर’ म्हणूं लागत. रोग ओळखणें आणि औषध ओळखणें या दोन भिन्न विद्या आहेत. ताप उतरविणारें मिश्रण त्याला ठाऊक असे. ताप कशाचा आहे हें त्याला ठाऊक असेलच असें नाहीं. त्यांतच बाजारांत निकस व भेसळीचीं औषधें सुळसुळाट करीत होतीं. याची चौकशी करण्यासाठीं सरकारनें १९३० मध्यें कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. पुढें १९४० मध्यें औषधांचा कायदा झाला. औषध शुद्ध असावें आणि तें देणारा शिकलेला असावा, ही मागणी तेव्हांपासून जोर धरूं लागली.

सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ मध्यें आपला अहवाल दिला, त्यांतले आंकडे वाचून आजही मन थक्क होतें. तीस कोटींच्या ब्रिटिश हिंदुस्थानांत डॉक्टर सुमारें ४७,५००, परिचारिका सुमारें ७,००० आणि रीतसर शिकलेले औषधनिर्माते अवघे ७५! म्हणजे चाळीस लाख माणसांमागें एक. मग एवढ्या प्रचंड देशांत रोज सकाळीं मिश्रणें भरीत कोण होतें? पदवी वा पदविका नसलेला, शेजारीं उभा राहून शिकलेला कंपाउंडरच. सरकारच्या खानेसुमारींत तो औषधनिर्माता म्हणून धरला गेला नाहीं, पण देशाचा सारा औषधव्यवहार त्याच्याच खांद्यावर उभा होता.

१९४८ च्या फार्मसी कायद्यानें या वस्तुस्थितीची बूज राखली, हें त्या कायद्याचें शहाणपण म्हटलें पाहिजे. यापुढें नोंदणी नसलेल्यानें चिठ्ठीवरून औषध बनवूं नये, असें त्यानें ठरविलें. परंतु पहिल्या नोंदवहींत कोणाला घ्यावयाचें याचे नियम करतांना, ज्यानें दवाखान्यांत एकूण पांच वर्षें औषधें तयार करण्याचें काम केलें आहे त्यालाही ३१ व्या कलमानें जागा दिली. एका बाजूनें पुढच्यांसाठीं दार अरुंद केलें, आणि दुसऱ्या बाजूनें ज्यांनीं आजवर ओझें वाहिलें त्यांना बाहेर लोटलें नाहीं. सुधारणा करतांना जुन्या सेवकांचा मान कसा राखावा, याचा हा चांगला नमुना आहे.

एल. एम. पी. डॉक्टरांच्या बाबतींत वेगळा न्याय झाला. देशांत एकाच दर्जाचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर असावा, असें भोर समितीच्या बहुमतानें सुचविलें. हा लायसेन्शिएट वर्ग एकदम बंद करूं नये, खेड्यांना त्याची गरज आहे, असें भिन्न मत समितींतल्या कांहीं सभासदांनीं नोंदविलें होतें. बहुमताप्रमाणें झालें. पुण्याच्या वैद्यकीय शाळेचें १९४६ मध्यें कॉलेज झालें आणि नागपुरास १९४७ मध्यें मेडिकल कॉलेज उघडलें. विद्येचा दर्जा वाढला, हें निर्विवाद. पण उच्च शिक्षण घेतलेला डॉक्टर शहराकडे ओढला गेला आणि मेळघाटसारख्या भागांत पोकळी राहिली. १९९३ मध्यें तेथील बालमृत्यूंच्या वार्ता सर्व महाराष्ट्रांत पोंचल्या, तेव्हां त्या पोकळीची खोली शहरांतल्या लोकांना कळली. डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांच्यासारखीं, बैरागडला जाऊन राहणारीं माणसें निघालीं, आणि २०१९ मध्यें त्यांना पद्मश्री देऊन देशानें त्यांचा गौरव केला. पण अशी माणसें अपवादानेंच निघतात, आणि अपवादावर व्यवस्था उभी करतां येत नाहीं.

मग अर्धशिक्षित माणूस धोक्याचा आणि पूर्णशिक्षित माणूस येत नाहीं, या पेचांतून वाट कोणती? या प्रश्नाचें एक उत्तर विदर्भांतच सांपडलें. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं ३९ गांवांतून तेथल्याच बायकांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली. काम नेमून दिलें, मर्यादा आंखून दिली, वर देखरेख ठेवली. तिसऱ्या वर्षीं, शेजारच्या तुलनेच्या गांवांशीं ताडून पाहतां, नवजातांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं घटलेले आढळले. १९९९ मध्यें हें संशोधन ‘लॅन्सेट’ या प्रख्यात नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. मेळघाटांत उतावली येथें डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेनेंही गांवच्याच कार्यकर्त्यांना शिकविण्याचा मार्ग धरला. २००५ मध्यें ‘आशा’ कार्यकर्ती आली. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यांत तर मर्यादित परवाना असलेल्या आरोग्यसेवकाची तरतूद ३२ व्या कलमांत करण्यांत आली, आणि तिच्यावर डॉक्टरमंडळींत मोठा वादही झाला. १९४६ चा वाद त्र्याहत्तर वर्षांनीं पुन्हां दारीं आला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या इतिहासावरून मला जो बोध होतो तो असा. कमी शिकलेला साहाय्यक आपोआप धोक्याचा ठरत नाहीं. त्याला न शिकवितां काम दिलें, त्याच्या कामाची सीमा आंखली नाहीं आणि त्याच्यावर कोणी लक्ष ठेवलें नाहीं, म्हणजे धोका उत्पन्न होतो. जुन्या कंपाउंडराला आपण तिन्हीं बाबतींत वाऱ्यावर सोडलें होतें. त्यांतूनही बहुतेकांनीं आपली सीमा आपणच आंखून घेतली, ही त्यांची थोरवी. ज्यांनीं ती ओलांडली त्यांना दोष द्यावा, पण त्यांना तसे सोडणाऱ्या व्यवस्थेलाही त्या दोषांतला वांटा द्यावा.

आज मिश्रणाच्या बरण्या गेल्या, खल गेला, खांचांची पट्टीही गेली. औषध कारखान्यांतून बांधून येतें. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाला जोडून २००२ मध्यें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालें, आणि अशा ठिकाणीं खिडकीमागें आतां पदविकाधारक औषधनिर्माण अधिकारी बसतात. मिसळण्याचें काम त्यांना उरलें नाहीं. समजावून सांगण्याचें मात्र उरलें आहे, किंबहुना वाढलें आहे. रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी जन्मभर घ्यावयाची असते, बरें वाटलें म्हणून ती सोडावयाची नसते, हें खेड्यांतून आलेल्या म्हाताऱ्याला दोन मिनिटांत पटविणें हें क्विनाइनच्या पुडीइतकेंच अवघड आहे. ओळ लांब असते, वेळ थोडा असतो, आणि घरीं गेल्यावर त्या म्हाताऱ्यापाशीं खिडकींतून ऐकलेले चार शब्द एवढाच आधार असतो.

तेव्हां पुढच्या खेपेस आपण दवाखान्याच्या खिडकीपाशीं उभे राहाल, तेव्हां पुड्या घेऊन घाईनें वळूं नका. कोणती गोळी केव्हां, जेवणाआधीं कीं नंतर, किती दिवस, हें विचारून घ्या. आपल्या मागें उभ्या असलेल्या अडाणी माणसालाही विचारावयास सांगा. विचारणाऱ्याला तो आपला हक्क आहे आणि सांगणाऱ्याला तें आपलें काम आहे, हें दोघांच्याही ध्यानांत राहिलें, म्हणजे चिकित्सेचा हा उपेक्षित पाद कांहींसा बळकट होईल.